दोष आमच्या स्मरणशक्तीचा नाही

मध्यंतरी आपल्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सायबर जनजागृतीचा कार्यक्रम झाला. व्याख्याते अभ्यासू होते, तळमळीने बोलत होते. फसवणुकीचे त्यांनी सांगितलेले प्रकार ऐकून पुढच्या रांगेतल्या मुली खरोखर घाबरल्या. पासवर्डचा विषय निघाला तेव्हा त्यांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. पासवर्डमध्ये मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि चिन्ह हवंच. तो दर तीन महिन्यांनी बदलायचाच. कागदावर कधीही लिहायचा नाही. चौथ्या ओळीखाली त्यांनी दोनदा रेघ मारली: जो सहज लक्षात राहतो, तो पासवर्ड फुटलाच म्हणून समजा. मग खडू खाली ठेवून ते म्हणाले की खेड्यातल्या माणसाला या गोष्टीचं गांभीर्यच नाही, नावापुढे एक-दोन-तीन लावून तो मोकळा होतो.

टाळ्या झाल्या. मी मेहकरात अठरा वर्षं संगणकाचा वर्ग चालवतो आणि निम्मा दिवस लोकांचे अर्ज भरून देण्यात जातो. त्या चार ओळींमुळे होणारे हाल मी रोज बघतो, म्हणून माझ्याने टाळी वाजवली गेली नाही. त्या चारही ओळी चुकीच्या आहेत आणि शेवटचं वाक्य तर आमच्या लोकांवर अन्याय करणारं आहे. त्या दिवशी सभागृहात वेळ मिळाला नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी अन्यायाचं बोलू. नावापुढे आकडा लावायला आमच्या माणसाला शिकवलं कोणी? ई-आधारची पीडीएफ उतरवून घेतली की ती उघडायला पासवर्ड लागतो. तो काय असतो, हे सेतू केंद्रात बसणाऱ्या कोणत्याही पोराला झोपेतून उठवून विचारा. नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरं आणि त्यापुढे जन्मसाल. बहुतेकांच्या आयुष्यातला पहिला पासवर्ड हाच, आणि तो थेट सरकारकडून आलेला. मग कुठलंसं खातेपत्रक मेलवर येतं, त्याचा पासवर्ड जन्मतारीख असते. दहा वर्षं तुम्ही माणसाला नाव आणि साल म्हणजे कुलूप असं दाखवत राहणार, आणि त्याने तेच उचललं की त्याला गांभीर्य नाही म्हणणार?

पुढची शिकवणी पोर्टलं घेतात. पावसाळ्याच्या तोंडावर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की माझ्याकडे रांग लागते. एक मुलगा बसला होता, बारावी झालेला, बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार. त्याने पासवर्ड म्हणून धाकट्या बहिणीचं नाव टाकलं. लाल अक्षरं आली, मोठं अक्षर हवं. पहिलं अक्षर मोठं केलं. पुन्हा लाल, आकडा हवा. पुढे एक टाकला, मग दोन, मग तीन. पुन्हा लाल, चिन्ह हवं. कळफलकावर त्याचं बोट थोडं फिरलं आणि दोनच्या डोक्यावर बसलेल्या @ वर थांबलं. आता पट्टी हिरवी झाली आणि तिच्यावर ‘मजबूत’ असा शब्द उमटला. मुलाचा चेहरा उजळला. परीक्षेत पास झाल्यासारखा माझ्याकडे बघून हसला.

त्या हिरव्या पट्टीने त्याला खोटं सांगितलं होतं. मोठं अक्षर पहिलं, आकडे आणि @ शेवटी. लाखो माणसं नियमांच्या त्याच दारातून आत गेली आहेत आणि बाहेर पडताना सगळ्यांच्या हातात एकच किल्ली आहे. नियम कडक केला की माणसं तो कमीत कमी कष्टात पाळतात, आणि कमीत कमी कष्टाचा मार्ग सगळ्यांना एकच सापडतो. चोराला तो तुमच्या-माझ्याआधी सापडलेला असतो.

चोराचं काम कसं चालतं ते समजून घेतलं की फळ्यावरच्या ओळींचा फोलपणा आपोआप दिसतो. चांगलं संकेतस्थळ तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचं दळून पीठ करून ठेवतं. पिठावरून दाणा परत करता येत नाही. तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकलात की तोही दळला जातो आणि पिठाशी पीठ ताडून पाहिलं जातं. चोराने ते पीठ पळवलं की तो स्वतःची गिरणी लावून बसतो. एकेक अंदाज दळायचा आणि चोरलेल्या पिठाशी जुळतो का पाहायचं. एमडी५ नावाची जुनी पद्धत ही फार वेगवान गिरणी. आरटीएक्स ४०९० हे खेळांसाठी विकलं जाणारं ग्राफिक्स कार्ड त्या पद्धतीने सेकंदाला शंभर अब्जांहून जास्त अंदाज दळतं. आता दहा हजार नावं-आडनावं घ्या आणि प्रत्येकाला हजार प्रकारची शेपटं लावा: @१२३, जन्मसाल, काहीही. झाले एक कोटी. त्या गिरणीला एवढ्यासाठी सेकंदाचा दहा हजारावा भाग पुरतो. त्या मुलाच्या बहिणीचं नाव इतकाच वेळ टिकतं.

अंदाज कुठून आणतात, तेही सांगतो. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीतून तीन कोटी वीस लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते दळलेही नव्हते, धान्यासारखे उघडे पडले होते. त्यांत १२३४५६ हा एकटा पासवर्ड २ लाख ९० हजारांहून जास्त जणांचा निघाला. ती यादी आजही जगभर फिरते. त्यानंतर अशा कितीतरी याद्या फुटल्या, आणि त्यांवरून माणसं कशी वळणं घेतात याचे नियमच बांधले गेले. ‘ए’च्या जागी @, ‘ओ’च्या जागी शून्य, ‘एस’च्या जागी डॉलरचं चिन्ह या आपल्याला हुशारी वाटणाऱ्या गोष्टी चोराच्या यंत्रात पहिल्या पानावर असतात.

आपल्या जिल्ह्याचं पानही तिथे सहज उघडता येईल. गाडीच्या पाटीवरचं एमएच२८ घ्या. मोठी अक्षरं झाली, आकडे झाले, पुढे एक चिन्ह लावलं की नियम पूर्ण, आणि मी हे इतक्यांदा पाहिलंय की मोजणं सोडून दिलं. काही शेतकरी सोयाबीनच्या वाणाचं नाव टाकतात, जेएस ३३५. अनोळखी माणसाला ते अगदी गूढ वाटेल, पण चिखली-मेहकरच्या कोणत्याही कृषी केंद्रात ते पोत्यावर छापलेलं असतं. आणि शेगावच्या महाराजांचा जप. तो चांगला लांब आहे, लांबीच्या कसोटीवर उत्तम उतरतो. पण जो लाखोंच्या ओठांवर आहे तो गुपित राहील कसा? श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या जागी राहू द्यावी, तिला कुलपाचं काम देऊ नये, असं मी वर्गात हात जोडून सांगतो.

इथे व्याख्याते म्हणतील, हेच तर आम्ही सांगतो, म्हणूनच अवघड पासवर्ड हवा. तर मग हे अवघडपणाचे नियम आले कुठून ते पाहू.

अमेरिकेत मोजमापं आणि मानकं ठरवणारी निस्ट ही सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर या अधिकाऱ्याने २००३ मध्ये एका दस्तऐवजाचं परिशिष्ट लिहिलं. मोठं-लहान अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल या सल्ल्याला जगभर जो मान मिळाला तो त्या परिशिष्टामुळे. बँकांनी, सरकारांनी, विद्यापीठांनी तो उचलला आणि उतरत उतरत तो आमच्या तालुक्याच्या पोर्टलांपर्यंत पोहोचला. तोवर निवृत्त झालेल्या याच बर यांनी २०१७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला मोकळेपणाने सांगितलं की आपण तेव्हा जे केलं त्यातल्या बऱ्याच भागाचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अक्षर-आकडा-चिन्हाची सक्ती करू नका. फुटल्याचा पुरावा नसेल तर मुदतीने बदलायला लावू नका. किमान ६४ अक्षरांपर्यंत लांब पासवर्ड चालू द्या, मधल्या मोकळ्या जागाही चालू द्या. आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा आणि त्यात असेल तर नाकारा. २०२५ च्या सुधारित आवृत्तीत तर अशी सक्ती करायचीच नाही, इतक्या ठाम शब्दांत हे आलं आणि पासवर्ड एकटाच पहारा देत असेल तर त्याची लांबी किमान १५ अक्षरं ठेवली. ज्याने नियम केला त्याने मागे घेतला, ज्या संस्थेने छापला तिने खोडला. आमच्या फळ्यावर मात्र तो अजून दोन रेघा मारून लिहिला जातो.

तीन महिन्यांनी बदलायची ओळ तर २०१० मध्येच निकालात निघाली होती. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी बंद झालेल्या हजारो खात्यांचे जुने पासवर्ड क्रमाने तपासले. आधीचा पासवर्ड ठाऊक असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता आला. पीठ हाती असेल तर ४१ टक्के बदल तीन सेकंदांत सुटले. माणूस बदलतो म्हणजे काय करतो, तर १ चा २ करतो. एका कार्यालयातल्या बाईंचा पासवर्ड त्यांनीच मला सांगितला होता. मुलाचं नाव, @, आणि शेवटी तिमाहीचा आकडा. तेव्हा त्या अकराव्या तिमाहीत होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजसाठी सुचवलेल्या सुरक्षेच्या मांडणीतून मुदतीची ही अट स्वतःच काढून टाकली. इतकं होऊनही आम्ही माणसाला दर नव्वद दिवसांनी विसरायला लावतो आणि विसरला की हसतो.

आता दोन रेघांच्या ओळीकडे येतो, कारण माझा खरा वाद तिच्याशी आहे. लक्षात राहतो म्हणजे फुटतो, हे म्हणणं वरवर शहाणपणाचं वाटतं. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. माझ्या लक्षात राहणं एक आणि दुसऱ्याला ओळखता येणं दुसरं. बहिणीचं नाव लक्षात राहतं आणि ओळखताही येतं. चिन्हांचा चुराडा ओळखता येत नाही आणि लक्षातही राहत नाही. पहिल्यातलं लक्षात राहणं आणि दुसऱ्यातलं न ओळखणं एकत्र बांधता येतं का, इतकाच खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर १९९५ पासून माणसाच्या हातात आहे, आणि ते अक्षरशः हातातच आहे, कारण तो खेळातला फासा आहे.

अर्नोल्ड राइनहोल्ड या अमेरिकी माणसाने त्या वर्षी ७,७७६ लहान शब्दांची यादी मांडली. पाच वेळा फासा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा. असे पाच-सहा शब्द एकापुढे एक लिहिले की झाला पासवर्ड. शब्द साधे, रोजचे. गुपित शब्दांत नाही, निवडीत आहे, आणि निवड माणसाच्या मनाने केलेलीच नाही. २०११ मध्ये रँडल मन्रो याने एका व्यंगचित्रात चार साध्या शब्दांची हीच कल्पना काढली आणि ती जगभर गाजली. आमच्याकडे ती इंग्रजी शब्दांसकट आली, म्हणून रुजली नाही.

म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गातल्या मुलांनी मराठी यादी करायला घेतली. पाच ऐवजी चार वेळा फासा टाकायचा, म्हणजे सहाचा चौथा घात, १,२९६ शब्द. शब्द मराठी, पण टाईप रोमन लिपीत करायचे, कारण बहुतेक पोर्टलं देवनागरी घेतच नाहीत. इथे एक अडचण आली, जी इंग्रजीवाल्यांना कधी येत नाही. पऱ्हाटी हा आमचा घरचा शब्द, पण पाच मुलांनी तो रोमन लिपीत पाच तऱ्हांनी लिहिला. वखर, वकील, वरण लिहिताना निम्म्यांनी डब्ल्यू घेतला, निम्म्यांनी व्ही. आरसा लिहिताना एक ‘ए’ की दोन यावर भांडण झालं. शेवटी ठरलं की जो शब्द सगळे डोळे मिटून एकसारखा लिहितील तोच ठेवायचा. व ने सुरू होणारे बहुतेक शब्द गेले, पऱ्हाटीही गेली, मुलांना वाईट वाटलं. कुटार राहिलं, धुरा राहिला, बोंड, कंदील, भेंडी, तलाठी राहिले. यादी पुरी व्हायला तीन आठवडे लागले.

जूनमध्ये एक काकू आल्या. बचत गटाच्या सचिव, पन्नाशीच्या पुढच्या, सही करण्यापुरतं आणि हिशेबापुरतं लिहिता येणाऱ्या. गटाच्या कर्जाच्या कामासाठी मेलचं खातं हवं होतं. आधीची दोन खाती पासवर्ड विसरल्याने गेली होती, आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटत होती की आल्या आल्या म्हणाल्या, “सर, मायं डोकंच चालत नाई यात. ते चिन्हं मले ध्यानात राहत नाईत. शब्द सांगा, शब्द राहतात.”

संगणक सुरक्षेवर मी वाचलेल्या कितीतरी पानांपेक्षा त्या वाक्यात जास्त कळलेलं होतं. मी त्यांच्यापुढे लुडोचा फासा ठेवला. त्यांनी तो वीस वेळा टाकला, एका मुलीने आकडे लिहून घेतले, यादीतून शब्द निघाले: कुटार, कंदील, तलाठी, भेंडी, मोर. काकू क्षणभर गप्प राहिल्या, मग हसू लागल्या. म्हणाल्या, “कुटाराच्या ढिगावर तलाठी कंदील घेऊन उभा हाये, भेंड्या शोधू राह्यला, अन् मोर पाहू राह्यला त्याच्याकडं.” चित्र त्यांनीच काढलं, मी एक शब्द बोललो नाही. मग एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी ते स्वतः टाईप केलं. दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या तेव्हा कुणालाही न विचारता खातं उघडलं. आता हे शब्द इथे छापले जाणार म्हणून त्यांच्याकडून मी नवे टाकून घेतलेत. वाचकांनीही हे पाच वापरू नयेत.

शेगावात पारायणाला बसलेल्या बायका पाहा. ‘गजानन विजय’चे एकवीस अध्याय वाचताना पोथी समोर असते, पण नजर दर ओळीला पानावर नसते. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं त्या आमच्या आज्यांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या किती होत्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. अशा माणसांना स्मरणशक्ती नाही म्हणायचं? स्मरण चित्राला धरतं, गोष्टीला धरतं, लयीला धरतं. डॉलरच्या चिन्हाला आणि उलट्या तिरप्या रेघेला धरत नाही, त्यात कमीपणा कसला?

आक्षेप येतो की हे शब्द तर शब्दकोशात सापडतात, मग चोर शब्दकोशच चालवेल. चालवू दे. मी तर धरून चालतो की आमची यादी त्याच्या हातात आहे आणि पाचच शब्द आहेत हेही त्याला ठाऊक आहे. तरी त्याच्यापुढे १,२९६ चा पाचवा घात उरतो, म्हणजे सुमारे ३,६५६ लाख कोटी जोड्या. कळफलकावरच्या ९५ चिन्हांतून खरोखर आंधळेपणाने उचललेल्या आठ अक्षरांच्या साधारण ६,६३४ लाख कोटी जोड्या होतात. दोन्ही आकडे एकाच मापाचे आहेत. फरक इतकाच की आठ अक्षरं आंधळेपणाने उचलणारा माणूस मला अठरा वर्षांत भेटलेला नाही, आणि भेटला तरी त्याला ती लक्षात राहिली नसती.

हिशेब सांगायचा तर पुरता सांगतो. मघाच्या वेगवान गिरणीपुढे पाच शब्द दहा तासांत संपतात. सहावा शब्द जोडला तर दीड वर्ष लागतं, सातवा जोडला तर दोन हजार वर्षांच्या आसपास. आणि संकेतस्थळाने एमडी५ सोडून बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ ठेवलेली पद्धत घेतली असेल, म्हणजे गिरणीऐवजी दगडी जातं मांडलं असेल, तर तेच कार्ड सेकंदाला दोन लाख अंदाजही दळू शकत नाही आणि पाच शब्दांनाच पाचशेहून जास्त वर्षं पुरतात. म्हणून मी वर्गात साध्या खात्यांना पाच शब्द सांगतो आणि ज्या मेलवर बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या येतात त्याला सात. मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. आलेले शब्द आवडले नाहीत म्हणून बदलायचे नाहीत. ‘सर, मोराऐवजी गणपती घेऊ का’ असं मुलं विचारतात. तिथे मन मधे आलं की मोजणी कोसळली, कारण गणपती सगळेच घेतात.

राहिली लिहून न ठेवण्याची ओळ. पोलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन सैन्याचं वर्णन करून ठेवलंय. रात्रीच्या पहाऱ्याचा परवलीचा शब्द छावणीत लाकडी पाटीवर लिहून जायचा. एका तुकडीकडून दुसरीकडे, साक्षीदारांसमोर, आणि अंधार पडायच्या आत पाटी परत सरदाराकडे आलीच पाहिजे. एखादी आली नाही तर कुठे अडकली याचा लगेच शोध. त्यांनी शब्द लिहिला, पण पाटीवर नजर ठेवली. सुरक्षेचे मोठे जाणकार ब्रूस श्नायर यांनीही २००५ मध्ये लोकांना सांगितलं की पासवर्ड कागदावर लिहा आणि इतर मौल्यवान कागदांसारखा पाकिटात जपा.

आमच्या घरात पत्र्याची पेटी असते. सातबारा, पासबुक, मुलीची टीसी, सोन्याच्या दुकानाची पावती सगळं तिच्यात. ज्या पेटीवर आम्ही जमिनीचा कागद सोपवतो तिच्यावर पाच शब्दांची चिठ्ठी का सोपवू नये? परदेशात बसून पिठाशी पीठ जुळवणारा चोर मेहकर तालुक्यातली पेटी फोडायला येत नाही. चिठ्ठी असली की माणूस धीट होतो, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड घ्यायला तयार होतो, आणि एकच पासवर्ड सगळीकडे लावणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे, कारण एका दुकानातून फुटलेली किल्ली चोर दुसऱ्या शंभर दारांना लावून बघतो.

लिहिण्याचा खरा धोका दुसरीकडे आहे आणि त्यावर त्या दिवशी एक अक्षर निघालं नाही. अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात मी रजिस्टर पाहिलं. जाड, लाल कापडी पुठ्ठ्याचं, टेबलावर उघडं. रकाने आखलेले: नाव, गाव, मोबाईल, युजर आयडी, पासवर्ड. पासवर्डच्या रकान्यात पहिल्या ओळीवर एक शब्द आणि खाली पानभर ‘"’ अशी खूण, म्हणजे वरीलप्रमाणे. सगळ्या गावाचं एक कुलूप. केंद्रातल्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. लोक विसरतात, पुन्हा त्याच्याकडेच येतात, रांग वाढते, त्याने आपली सोय पाहिली. पण ते विसरणं नियमांनी तयार केलं होतं, आणि नियमांनीच त्या रजिस्टरला जन्म दिला. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कायदा कडक आहे, पण रजिस्टर टेबलावर उघडंच आहे.

मला कुणी म्हणेल, आता सगळं ओटीपीवर चालतं, पासवर्डला विचारतो कोण. आणि हेही खरं की आपल्याकडे जास्त पैसे फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारेच नेतात. त्यापुढे सात शब्दही निकामी आहेत, तिथे ताबडतोब १९३० ला फोन करणं हाच उपाय. पण आमच्या घरांत फोन एकाचा नसतो. बापाचा फोन मुलाकडे, मुलगा पुण्याला कामाला, रिचार्ज संपलेलं सिम बंद पडलेलं, आणि ओटीपी त्याच नंबरवर जातोय, असं आठवड्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येतं. त्या वेळी माणसाजवळ स्वतःचं म्हणून उरतं ते डोक्यातलं गुपितच.

तेव्हा शिकवायचंच असेल तर पोर्टलं बांधणाऱ्यांना शिकवा. लांब पासवर्ड घ्या, पंधरा अक्षरांवर दार लावू नका. मोकळी जागा चालू द्या. चिन्हाची सक्ती काढा आणि त्याऐवजी फुटलेल्या पासवर्डांची यादी लावा. टाईप केलेलं दिसावं म्हणून डोळ्याचं बटण द्या, कारण काळे ठिपके मोजत मोजत टाईप करणाऱ्या म्हाताऱ्या बोटांना काय त्रास होतो ते मी रोज बघतो. पासवर्ड चिकटवायला मनाई करू नका. तीन वेळा चुकलं की खातं दिवसभर गोठवण्यापेक्षा थोडं थोडं थांबवत जा. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दिवशी दिवसभराचा अर्थ काय होतो, हे त्या सालदाराच्या मुलाला विचारा.

व्याख्याते पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्यात पुन्हा येत आहेत. मी आयोजकांकडे दहा मिनिटं मागितली आहेत आणि त्यांनी ती दिलीही आहेत. भाषण करणार नाही. यादीच्या चाळीस प्रती काढल्या आहेत, लुडोचे बारा फासे घेतले आहेत, आणि काकूंना बरोबर येण्याची विनंती केली आहे.